नमुन्याचं डोकं

१

आमच्या स्कॅन सेंटरमध्ये सकाळी सगळ्यात आधी मी येतो. आदिलाबादच्या बसस्टँडमागे औषधांच्या दुकानांची रांग आहे, तिच्या टोकाला आमचं शटर. ते वर केलं की आतल्या खोलीतून चिवचिव ऐकू येते. एमआरआयचं चुंबक थंड ठेवणारा पंप कधीच बंद होत नाही, आणि त्याचा आवाज टोपल्याखाली झाकलेल्या कोंबडीच्या पिलांसारखा येतो. नव्या पेशंटला त्याची भीती वाटते. मला तो आला नाही तर भीती वाटेल.

मी इथला जुना टेक्निशियन, धम्मदीप. पन्नाशी ओलांडली आहे आणि स्वभाव खवचट आहे, असं माझी मुलगी मैत्री म्हणते. वडील बाबाराव उटनूरला मास्तर होते. अंगात आलेल्या बाईला ते चारचौघांत तांब्याभर पाणी पाजायचे आणि घरी पाठवून द्यायचे. त्यांच्या हाताखाली वाढल्यामुळे भुताखेतांची माझ्यापुढे डाळ शिजत नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. मशीन दुरुस्त करून इंजिनियर निघाला की एखाद्या धडधाकट माणसाला आत झोपवून त्याच्या डोक्याची चित्रं काढून बघायची. तो माणूस नेहमी मी. मी हलत नाही, म्हणून माझ्यासोबत काम करणारा भूषण मला मुडदा म्हणतो. ती चित्रं संगणकात 'नॉर्मल' या नावाने ठेवलेली असतात. एखाद्या पेशंटची शंका आली की त्याच्या चित्रांसोबत हैदराबादच्या डॉक्टरांना तीही पाठवायची, म्हणजे निरोगी काय आणि बिघडलेलं काय हे शेजारी-शेजारी दिसतं. थोडक्यात, या भागातल्या निरोगी डोक्याचा नमुना म्हणजे माझं डोकं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

कापूस वेचणीचे दिवस होते. बेल्याकडच्या, पैनगंगेच्या काठच्या एका गावातून सुधाकरराव नावाचे शेतकरी आले. उंच, सावळे, स्वच्छ धोतर. डोळे इतके तांबडे की बघवेना. सोबत बायको लक्ष्मीबाई.

"झोपच येत नाई यायले," त्या म्हणाल्या. "पोळ्यापासून डोळ्याले डोळा नाई लागला. गोळ्या झाल्या, तेल झालं, बाहेरचंही पाहून झालं."

"बाहेरचं पाहायची काही गरज नव्हती, ताई."

"तुमाले बोलाले काय जाते, भाऊ. घरात जागं मानूस फिरते अन आपन कूस बदलून पडाचं, हे एक दिवस करून पाहा."

मी सुधाकररावांना आडवं केलं, डोक्यावर जाळी बसवली, घाबरले तर दाबायला रबरी चेंडू हातात दिला आणि बाहेर येऊन मशीन चालू केलं. ठोके सुरू झाले. काचेतून त्यांचं कमरेखालचं अंग आणि हात दिसत होते.

चेंडू त्यांनी सोडून दिला होता. उजवा हात हवेत वर जायचा, चिमटीत काहीतरी धरून ओढायचा, मग डावा, मग दोन्ही हात कमरेशी येऊन काहीतरी आत टाकायचे. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

"काय करून राह्यले ते?" भूषणने विचारलं.

"कापूस वेचून राह्यले." कळलं त्यालाही होतं; आमच्याकडच्या कोणालाही हे सांगावं लागलं नसतं. बाया कमरेला ओटी बांधून असंच वेचतात.

"शेतमालक कायले वेचते? त्याच्या घरच्या बायाही नसतीन वेचत."

दोन चित्रांच्या मध्ये मशीन थोडं थांबतं. त्या शांततेत आतल्या माइकमधून एक बारीक आवाज आला. फू. बोंडाला वाळकी पात चिकटली की बाया मारतात तशी फुंकर. मग पुन्हा उजवा हात, डावा हात, ओटी, आणि फू.

माझे वडील शेवटच्या महिन्यांत खुर्चीत बसून हेच करायचे. झोप गेली होती, डोळे तांबडे झाले होते आणि हात हवेतला कापूस वेचायचे. डॉक्टर म्हातारचळ म्हणाले होते. आमच्या आजीने, कौशल्याबाईने, त्यांना जन्मात कधी कापसाच्या शेतात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी हैदराबादहून डॉक्टर दामिनींचा फोन आला. त्या मूळच्या नांदेडच्या, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात.

"धम्मदीप, गडबड झाली आहे. एकाच माणसाची चित्रं दोनदा पाठवलीत."

"नाही मॅडम. एक पेशंट, एक नॉर्मल."

"मग नॉर्मल कुठला यातला?"

मला हसू आलं. मी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी-शेजारी लावली, आणि हसू गेलं. मेंदूच्या घड्यांना कडेने एक पांढरी किनार होती, लुगड्याच्या काठासारखी. सुधाकररावांच्या डोक्यात ती ठसठशीत होती. माझ्या डोक्यात बारीक होती, पण त्याच जागी, त्याच वळणाने. आत खोलवर, झोपेचं केंद्र म्हणतात त्या भागातही दोघांना तसाच उजळ ठिपका होता.

मी मॅडमना म्हटलं, बघून सांगतो.

मशीनवर संशय घेणं हेच शहाणपणाचं होतं. तपासणीसाठी पाण्याची एक बाटली असते, ती आत ठेवून चित्र काढलं. स्वच्छ. भूषणला झोपवलं. तो तीनदा शिंकला, पण त्याचं डोकं स्वच्छ. मग मी स्वतः आत गेलो. नळीत पडून ठोके ऐकताना मी मनात एकच म्हणत होतो, की नसू दे. बाहेर आलो तेव्हा भूषण पडद्याकडे बघत उभा होता आणि मला मुडदा म्हणाला नाही.

मग जुन्या दुरुस्त्यांच्या वेळची माझी चित्रं उघडली. सगळ्यात जुनं निर्मळ होतं. त्यानंतरच्यात एक धागा, आहे की नाही अशी शंका यावी इतका. त्यानंतरच्यात काठ. एवढी वर्षं मी ते 'नॉर्मल' म्हणून पाठवत होतो. कोणी नीट बघितलं नव्हतं, कारण नमुन्याकडे कोण बघतं?

मॅडमना पुन्हा फोन केला. दुसरं डोकं कोणाचं हे सांगितलं नाही. एका ओळखीच्या, चांगल्या माणसाचं आहे म्हटलं.

"त्याला झोप लागते?"

"लागते."

"अजून लागत असेल," त्या म्हणाल्या. मग हळूहळू समजावून सांगितलं. मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्यालाही तीच घडी घालायला लावतं. झोप जाते. माणूस जागेपणी स्वप्न बघतो, त्या स्वप्नातली कामं हाताने करतो, नसलेली माणसं त्याला दिसतात. वर्ष-दीड वर्षात सगळं संपतं. उपाय नाही. कधीकधी त्रास सुरू व्हायच्या आधीच चित्रात किनार उमटते. "पण अशी किनार फिट येऊन गेली, साखर फार उतरली तरी दिसते. त्यामुळे दुसऱ्या माणसाबद्दल मी इतक्यात घाबरणार नाही. फक्त एक सांगा. हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो. बापाला असेल तर निम्म्या मुलांना. या दोघांचं काही नातं आहे?"

"नाही मॅडम," मी लगेच म्हणालो. "जात वेगळी आहे."



"मी रक्ताचं विचारलं होतं, धम्मदीप."

मी मास्तरांचा मुलगा. बाबासाहेबांचा फोटो डोक्यावर घेऊन वाढलेला. आणि तोंडातून पहिलं उत्तर काय निघालं, तर जात. मला स्वतःची इतकी शरम वाटली की फोन ठेवल्यावरही मी मान वर केली नाही. आणि त्या शरमेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. निम्म्या मुलांना, असं त्या म्हणाल्या होत्या. मला एकच मूल आहे.

३

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. द्वारकाबाई म्हणजे आमच्या वस्तीतलं चालतं-बोलतं वर्तमानपत्र. पण काही पानं ती उघडत नाही.

"आई, आजी कोणत्या गावची?"

"बेल्याकडची. तुले ठाव नाई काय? काऊन?"

"तिथं कोणाच्या कामाले होती?"

शेंग सोलणारी बोटं थांबली. "उद्धवरावाच्या. वेचणीच्या टायमाले त्यायच्याच घरी राहे. कापसाच्या खोलीत निजे."

सुधाकररावांच्या वडिलांचं नाव उद्धवराव. नोंद करताना मीच लिहिलं होतं.

"अन आजोबा?"

"ते मंचेरियलले, कोळशाच्या खाणीत. सुट्टी भेटली का येत. बाबाराव पोटात राह्यले अन सासूनं ते गाव सोडलं. उटनूरले येऊन राह्यली. पुना कधी तिकडं गेली नाई."

"गाव काऊन सोडलं?"

"मी काय तवा होती तिथं? तिनं सांगतलं नाई, मी इचारलं नाई." आईने एक शेंग उगाचच दोनदा सोलली. "तुह्या बापानंही इचारलं नाई. पन बस त्या गावावरून गेली तं डोळे मिटून घे. एवढा शिकलेला मानूस, लहान पोरासारखे मिटून घे."

आजी तेव्हा मैत्रीपेक्षाही लहान असणार. माझ्या डोळ्यांपुढे ती खोली आली, दाराला आतून कडी नसलेली, आणि मला राग आला. मेलेल्या माणसाच्या नरडीला हात घालता येत नाही याचा राग. मग मनाने वकिली सुरू केली. आजोबा सुट्टीत येत होते. येत होते म्हणजे येत होते. आईने काही पाहिलेलं नाही, आणि डोळे तर माणूस ऊन लागलं तरी मिटतो.

पण सुधाकररावांचे हात डोळ्यांसमोरून जाईनात. भूषण खरं बोलला होता, त्या घरातलं कोणी वेचायला जाणारं नव्हतं. माझे वडीलही कधी गेले नव्हते. ते हात वेचणाऱ्याचे नव्हतेच. वेचणाऱ्या बाईकडे खूप वेळ बघत बसलेल्या कोणाचे तरी ते होते.

एकच वाट उरली होती. सुधाकररावांना हा आजार आईकडून आला असेल तर उद्धवराव सुटले, आणि ते सुटले तर मैत्री सुटली. हे लक्ष्मीबाईंच्या तोंडून ऐकायला मी रविवारी निघालो. मैत्री इंद्रवेल्लीला शाळेत शिकवते, रविवारी घरी असते. तिला म्हटलं, एका पेशंटकडे जाऊन येतो.

"तुमी कधीपासून पेशंटच्या घरी जाऊन राह्यले, पप्पा?" तिने गाडीची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. "चेहरा पाहा आपला. मागं बसा."

मी बसलो. तेवढं मी करायला नको होतं.

४

दुपारची वेळ. सडकेने कापसाचे ट्रॅक्टर चालले होते, कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते. गावात घर शोधावं लागलं नाही. ओसरी, मग मोठी बैठक, तिच्या पाठीमागे एक बंद दार.

मैत्रीला म्हटलं, तू ओसरीवर बस.

लक्ष्मीबाईंनी पाणी दिलं. मुलगा लखन शेतात गेला होता. सुधाकरराव बैठकीत खाटेवर बसले होते, तेवढ्या दिवसांत निम्मे झालेले. हात चालू होते. उजवा, डावा, ओटी. फू.

"ओळखते काय कोणाले?"

"मधीमधी. दिवसभर त्या दाराकडं पाह्यते. तिथं बाबा बसले म्हन्ते, त्यायले पानी द्या म्हन्ते." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आत कापूस भरून आहे, भाऊ. मानूस कुठं बसन?"

मी सरळ विचारलं. हे दुखणं आधी घरात कोणाला होतं?

"सासूच्या माहेरी होतं म्हन्तात. तिचा भाऊ असाच झोपेवाचून गेला. आमच्या घरचं नोहे हे."

"अन सासऱ्यांना? उद्धवरावांना?"

"त्यायले काय झालं? ठणठणीत होते. विहिरीत पडून गेले. भर दुपारी, डोळे उघडे ठेवून चालत गेले म्हनत. मी तवा नवी सून होती."

मला उठून नाचावंसं वाटलं. शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. विहिरीत पडणं हा अपघात, आणि अपघात रक्तातून येत नाही. सासूचं माहेर. सासूच्या माहेराशी आमचा काय संबंध? समोर एक माणूस मरायला टेकला होता आणि मला आनंद होत होता. मी तो लपवायला खाली बघितलं.

तेव्हा फुंकर ऐकू आली.

सुधाकररावांनी नुकतीच मारली होती. ही त्यांची नव्हती. ही बंद दारापलीकडून आली, त्यांच्या थोडी मागून, जात्यावर दुसरी बाई साथ देते तशी. मी कान दिला. मोठ्या खोलीत आवाज घुमतो, हे मला कळतं. पण कापसाने भरलेली खोली आवाज गिळून टाकते, तिच्यातून परत काही येत नाही. हेही मला कळतं.

सुधाकररावांचे हात थांबले. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे तांबडे डोळे पहिल्यांदाच स्थिर होते.

"बाहेर काऊन बसला?" ते मला म्हणाले. "आत जा. तुही वाट पाहून राह्यले ते."

हात थांबले होते. आतली फुंकर चालू होती.

"ताई, ते दार उघडता काय?"

"कापूस आहे, भाऊ."

"उघडा."

५

लक्ष्मीबाईंनी दार आत ढकललं. आधी वास आला, सरकी आणि धूळ यांचा. खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली होती. वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी उतरत होती. दारापासून आत माणूस जाईल एवढी वाट होती आणि वाटेच्या शेवटी ढिगात एक खळगा होता.

खळग्यात कोणीतरी पाठमोरं बसलं होतं.

मी सगळं सांगू शकत नाही, कारण सगळं मी बघितलं नाही. उघडी पाठ दिसली, कापसासारखीच पांढुरकी. मान दिसली. त्या मानेला मी तेल लावलं आहे, वडिलांच्या शेवटच्या आजारात, दररोज. उजव्या कानामागचा खळगा, त्याखालचा तीळ. पण माझे वडील त्या खोलीत कधी गेले नव्हते आणि हा माणूस तिथून कधी उठला नव्हता. हे मला कसं कळलं ते विचारू नका. त्याचा हात ढिगातून एक पुंजका ओढायचा, तोंडाशी न्यायचा. फू.

"पाह्यलं ना?" माझ्या खांद्यापाशी लक्ष्मीबाई उभ्या होत्या. त्यांची नजर खळग्यावरून सहज फिरून गेली. "कोणी नाई. कापूसच आहे नुस्ता."

त्यांना दिसत नव्हतं.

मी दाराची चौकट घट्ट धरली आणि विचार करू लागलो. विचार करता येत होता, हेच मोठं होतं. मॅडमनी सांगितलंच होतं, नसलेली माणसं दिसतात. सुधाकररावांना दिसतं, मला दिसतं, कारण आमच्या दोघांच्या डोक्यात तो काठ आहे. लक्ष्मीबाई बाहेरून आलेल्या, त्यांना दिसत नाही. म्हणजे खोलीत कोणी नाही. जे आहे ते माझ्या डोक्यात आहे. मी सुटलो नव्हतो, एवढंच. ठीक. पन्नास वर्षं जगलो, निरोगी म्हणून मिरवलो, आता भरून देऊ. उद्या मॅडमना सांगू की दुसरं डोकं माझं आहे. माझं मी निस्तरेन. निम्म्या मुलांना येतं म्हणजे निम्म्यांना येत नाही.

पाठमोऱ्या माणसाने हातातला पुंजका खाली ठेवला. तो वळायला लागला. मी डोळे मिटून घेतले.

मागे ओसरीकडून चपला वाजल्या. मैत्री आत येत होती. तिला थांबवायला मी हात मागे केला. ती माझ्या पाठीशी येऊन थांबली. तिचा हात माझ्या दंडावर आला, उबदार, गाडी चालवून थोडा घामेजलेला. ती खोलीत बघत होती हे मला न बघताही कळत होतं. कापूस म्हण, मी मनात म्हणत होतो. बाई, नुसता कापूस म्हण.

"काकू," मैत्री लक्ष्मीबाईंना म्हणाली, अगदी साध्या आवाजात, घरी आलेल्या पाहुण्याने संकोचून बोलावं तसं. "राहू द्या. त्या आजोबांना उगाच कशाला त्रास? ते सरकून आमाले जागा करून राह्यले."